छोट्या ओढ्यातल्या ट्राउटसाठी हलका फ्लाय रॉड आणि रील घेताना काय बघायचं

डीसीच्या आसपास, नॉर्दर्न व्हर्जिनियात राहणारी आपली मंडळी ऑक्टोबर आला की स्कायलाइन ड्राइव्हला जातात, पानांचे रंग बघतात, व्हाइटओक कॅन्यनचा धबधबा चढतात, डब्यातल्या पोळ्या खातात आणि संध्याकाळी घरी. त्या ट्रेलच्या कडेनं जो ओढा खळखळत असतो त्यात ट्राउट मासे आहेत हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक होतं आणि मग फ्लाय फिशिंगची खाज सुटते, ते दुकानात जाऊन "बिगिनरसाठी काय चांगलं" असं विचारतात आणि ९ फुटी, ५ नंबरचा रॉड घेऊन येतात. तो रॉड वाईट अजिबात नाही, मोठ्या नदीवर तोच घ्यावा, पण शेनॅन्डोआच्या, म्हणजे ह्याच स्कायलाइन ड्राइव्हच्या नॅशनल पार्कातल्या, ओढ्यावर तो घेऊन गेलात तर अर्धा दिवस फांद्यांतून दोरी सोडवण्यात जातो.

आधी हे ओढे कसे असतात ते सांगतो, कारण रॉडची निवड तिथूनच सुरू होते, कॅटलॉगमधून नाही. रॅपिडॅन, रोझ, ह्यूज, जेरेमीज रन ही त्यातली नावाजलेली पाणी. वरच्या अंगाला रुंदी दहा-पंधरा फूट, कधी त्याहून कमी. मोठमोठे दगड, दगडांमागे परातीएवढे डोह, दोन्ही काठांना लॉरेलची झुडपं, डोक्यावर झाडांचं छप्पर. मासा म्हणजे ब्रूक ट्राउट, इथला मूळचा, माणसांनी आणून सोडलेला नाही. शास्त्राच्या हिशेबात तो खरा ट्राउट नसून 'चार' (char) ह्या नावाच्या मासळीच्या गटातला आहे, पण ते सोडा, सगळे ट्राउटच म्हणतात. पाठीवर किड्यांनी कुरतडल्यासारखी हिरवट नक्षी, पोटाखाली केशरी, परांच्या कडेला पांढरी रेघ. लांबी सहा ते नऊ इंच. दहा इंचाचा मिळाला तर फोटो काढायचा.

प्रेसिडेंट हूवरला हे पाणी इतकं आवडलं की १९२९ मध्ये त्यानं रॅपिडॅनच्या उगमापाशी, मिल प्राँग आणि लॉरेल प्राँग हे दोन ओढे जिथे मिळतात तिथे, स्वतःच्या खिशातून जमीन घेऊन कॅम्प बांधला. जागा शोधताना अटी तीन होत्या: वॉशिंग्टनपासून १०० मैलांच्या आत, २,५०० फुटांच्या वर म्हणजे डास कमी, आणि जवळ ट्राउटचं पाणी. तिथली काही लाकडी घरं अजून आहेत, ट्रेलनं चालत जाऊन बघता येतात.

आता मुद्द्याचं. साध्या गळाच्या काठीत वजन गळाला किंवा शिशाच्या गोळीला असतं, ते वजन पुढे फेकलं जातं आणि बारीक दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. फ्लाय म्हणजे हुकवर पिसं-केस बांधून केलेला खोटा किडा, त्याला वजनच नाही म्हटलं तरी चालेल, ती फेकून जात नाही. वजन असतं ते जाड, प्लॅस्टिकचं कोटिंग असलेल्या दोरीला, म्हणजे फ्लाय लाइनला. तुम्ही फेकता ती दोरी, फ्लाय तिच्या शेपटाला फुकट जाते. आसूड ओढताना टोकाशी काय होतं ते डोळ्यासमोर आणा, तेच, फक्त हळू.

म्हणून रॉडवरचा ३, ४, ५ हा आकडा माशाच्या वजनाचा नाही आणि रॉडच्या वजनाचा तर नाहीच नाही. तो सांगतो की ह्या रॉडला किती वजनाची दोरी लागते. पूर्वी दोऱ्या रेशमाच्या होत्या आणि जाडीवरून अक्षरांनी ओळखल्या जायच्या, मग प्लॅस्टिकच्या आल्या, जाडी एक आणि वजन भलतंच असं व्हायला लागलं, तेव्हा साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सामान बनवणाऱ्यांच्या संघटनेनं दोरीचे पहिले ३० फूट वजन करून नंबर द्यायचं ठरवलं. वजन ग्रेनमध्ये मोजतात. २ नंबर म्हणजे ८० ग्रेन, ३ म्हणजे १००, ४ म्हणजे १२०, ५ म्हणजे १४०. ग्रॅममध्ये सांगायचं तर ३ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट साधारण साडेसहा ग्रॅम भरतात आणि ५ नंबरचे नऊच्या आसपास.

इथेच छोट्या ओढ्याची सगळी गोम आहे आणि दुकानदार नेमकं हेच सांगत नाही. रॉड कसा वागेल याचा अंदाज ३० फूट दोरी बाहेर आहे असं धरून बांधलेला असतो. तुम्ही ह्या ओढ्यात ३० फूट दोरी कधी बाहेर काढणार? मासा तुमच्यापासून वीस फुटांवर असतो. त्यातले साडेसात फूट तर लीडरचे, म्हणजे दोरीच्या पुढे बांधलेल्या पारदर्शक नायलॉनचे. उरली दोरी बारा-तेरा फूट. सरळ त्रैराशिक मांडलं तरी अडीच-पावणेतीन ग्रॅम होतात, आणि दोरी टोकाकडे निमुळती असते म्हणून खरं वजन त्याहूनही कमी. एवढ्याशा वजनानं रॉड वाकला पाहिजे. वाकला नाही तर त्यात ताकद साठत नाही, ताकद साठली नाही तर दोरी उलगडत नाही, तुमच्या समोर गुंता होऊन पडते, आणि मग माणूस चिडून हातानं जोर लावतो, तो जोर मागच्या झाडात जाऊन अडकतो.

म्हणजे प्रश्न "३ नंबर घेऊ का ४" एवढाच नाही, "पंधरा फूट दोरीवर हा रॉड वाकतो का" हा खरा प्रश्न आहे. आता हे ठरतं ॲक्शनवर. फास्ट ॲक्शनचा रॉड फक्त वरच्या टोकाला वाकतो, खालचा भाग ताठ, लांब फेकायला आणि वाऱ्यात भारी. मीडियम अर्ध्यापर्यंत वाकतो. स्लो ॲक्शनचा पार मुठीपर्यंत वाकतो. गेली बरीच वर्षं कंपन्यांना फास्टचं वेड आहे, कारण दुकानामागच्या लॉनवर गिऱ्हाइकानं साठ फूट दोरी फेकली की तो खूश होतो आणि कार्ड काढतो. पण तुम्हाला हवा मीडियम किंवा त्याहून थोडा स्लो. वेबसाइटवर मॉडरेट असं लिहिलेलं असतं, तोच.

ॲक्शनच्या जोडीला मटेरियल. ग्रॅफाइट हलकं आणि चपळ, आज बहुतेक रॉड त्याचेच. फायबरग्लास जुनं, थोडं जड, पण मऊ, आणि जवळच्या कास्टला, म्हणजे फेकीला, इतकं छान वाकतं की छोट्या ओढ्यावाल्यांनी ते परत उचलून धरलंय. ईगल क्लॉ कंपनीचा पिवळाधमक फेदरलाइट रॉड वर्षानुवर्षं स्वस्तात विकला जातोय तो ग्लासचाच, दिसायला खेळण्यासारखा, पण कामाचा. बांबूचे रॉड म्हणजे वेगळंच प्रकरण, सुंदर, हातानं बनवलेले, आणि किंमत ऐकून घरी भांडण होईल, त्यामुळे पहिला रॉड म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्यानं ग्रॅफाइटचा मॉडरेट ३ नंबर घ्यावा. ग्लास मऊ असल्यामुळे चुका पोटात घालतो हे खरं, पण हात घाईचा असेल तर लूप, म्हणजे हवेत दोरीचा होणारा वळसा, उघडा पडतो, आणि नवीन माणसाचा हात घाईचाच असतो.

२ नंबर का नको? मजा येते, सात इंचाचा मासासुद्धा रॉड वाकवतो, पण थोडा वारा आला किंवा हुकवर जरा जड मणी असलेली निम्फ, म्हणजे पाण्याखाली बुडणारी फ्लाय, लावली की २ नंबरची दोरी ती नेत नाही. ४ नंबर मात्र सरळ चालेल. ज्याला एकच रॉड घ्यायचाय आणि तोच कधीमधी मोठ्या नदीवरही न्यायचाय त्यानं ४ घ्यावा आणि मोकळं व्हावं.

लांबीवरून लोक तासन्‌तास वाद घालतात आणि दोन्ही बाजू बरोबर असतात. आखूड रॉड, म्हणजे सहा-साडेसहा फुटी, झुडपातून चालताना अडकत नाही, फांद्यांखालून आडवा कास्ट मारता येतो. लांब रॉड, आठ फूट आणि वर, दोरी पाण्याच्या वर उचलून धरायला बरा. ह्या दुसऱ्या गोष्टीचं महत्त्व पाण्यात उतरल्याशिवाय कळत नाही म्हणून जरा खोलात सांगतो. समजा समोर एक मोठा दगड आहे, त्याच्यामागे परातीएवढं संथ पाणी, मासा त्यात वरच्या बाजूला तोंड करून बसलाय. तुम्ही त्याच्या मागे, खालच्या बाजूला, गुडघ्यावर. तुमच्या आणि त्या संथ तुकड्याच्या मध्ये पाण्याचा एक जोरदार पट्टा आहे. फ्लाय नेमकी संथ पाण्यात पडली, पण दोरी मधल्या जोरदार पट्ट्यावर पडली, तर दुसऱ्या सेकंदाला दोरी वाहून जाते आणि फ्लायला ओढून नेते. खरा किडा पाण्यावर असा रेघ मारत पळत नाही, हे माशाला कळतं, तो येत नाही, उलट बिचकून दगडाखाली जातो तो अर्धा तास बाहेर पडत नाही. उपाय एकच, फ्लाय पडल्या पडल्या रॉडचं टोक वर उचलायचं म्हणजे मधली सगळी दोरी हवेत राहते आणि पाण्यावर फक्त लीडरचं शेवटचं टोक. इथे रॉडचा प्रत्येक जास्तीचा फूट कामी येतो.

मग मध्यम मार्ग काय, तर सात ते साडेसात फूट. शेनॅन्डोआसाठी साडेसात फूट ३ नंबर हे जवळजवळ ठरलेलं माप आहे. त्याहून दाट झाडीत जायचं असेल तर साडेसहा-सात. मागे जागाच नसते तेव्हा रोल कास्ट मारतात, म्हणजे दोरी मागे न फेकता रॉड हळू मागे आणून, दोरीचा झोल रॉडच्या मागे लोंबू द्यायचा आणि मग पुढे झटका द्यायचा, दोरी पाण्यावरून गडगडत उलगडत जाते. आणि अगदीच बोगदा असेल तर बो अँड ॲरो, फ्लाय हुकच्या वळणापाशी चिमटीत धरायची, रॉड धनुष्यासारखा वाकवायचा, नेम धरायचा, सोडायचं. ह्या दुसऱ्या प्रकारासाठी मऊ रॉड हवा, ताठ रॉड एवढ्याशा ताणानं वाकत नाही. पुन्हा तोच मुद्दा.

रॉड चार तुकड्यांचा घ्या. दोन तुकड्यांचा जास्त छान वाकतो वगैरे जुनी समजूत आहे, आता जोड चांगले असतात. साडेसात फुटीचे चार तुकडे केले की नळी दोन फुटांच्या जरा वर होते, सॅकच्या बाजूला लागते, ट्रेलवर चालताना त्रास नाही, विमानात न्यायलाही सोपी.

आता रील. ह्याच्यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात आणि इथेच सगळ्यात कमी गरज असते. मोठ्या माशांसाठी रीलमध्ये डिस्क ड्रॅग असतो, म्हणजे चकत्या एकमेकींवर दाबून ब्रेक लावायची सोय, मासा दोरी ओढत पळाला की त्याला दमवायला. सात इंचाचा ब्रूक ट्राउट पळून पळून जाणार कुठे? वरचा दगड ते खालचा दगड. त्याला हातानंच दोरी ओढून आणतात, रीलचा हँडल फिरवायची वेळही येत नाही. म्हणून छोट्या ओढ्यावर रील म्हणजे दोरी गुंडाळून ठेवायची जागा. साधं क्लिक अँड पॉल रील पुष्कळ झालं. आत एक दातेरी चाक असतं, त्यावर स्प्रिंगनं दाबलेली छोटी तिकोनी खिट्टी, दोरी ओढली की कर्रर्र आवाज येतो आणि दोरी सैल सुटून गुंता होत नाही. झालं. बिघडायला त्यात फारसं काही नाही, वाळू गेली तर उघडून धुवायचं, तेलाचा थेंब सोडायचा. ऑर्विसचं बॅटनकिल, रेडिंग्टनचं झीरो ही ह्याच जातीची. इंग्लंडच्या हार्डीची जुनी लाइटवेट रील अजून लोक शोधून शोधून सेकंडहँड घेतात, पण तो शौक झाला, गरज नाही.

रील घेताना वजन बघा, शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा खाली असलेलं बरं, नाहीतर एवढासा रॉड आणि मनगटावर लोंबणारा गोळा असं होतं. आणि फार चिमुकलं रील घेऊ नका, दिसायला गोंडस असतं पण दोरी छोट्या गोलात गुंडाळून राहिली की स्प्रिंगसारखी वळते आणि पाण्यावर सरळ पडत नाही. दोरीच्या खाली बॅकिंग, म्हणजे २० पाउंड ताण सोसणारा बारीक दोरा, भरतात ते मासा लांब पळेल म्हणून, असं सगळे सांगतात, पण इथे त्याचा खरा उपयोग रीलचा गाभा भरून दोरीचा गोल मोठा करायला. हँडल डाव्या हाताला की उजव्या हे बहुतेक रीलमध्ये बदलता येतं, दोरी भरायच्या आधी ठरवा, नंतर सगळं उपसावं लागतं.

वाचवलेले पैसे दोरीत घाला. चांगल्या रॉडवर फालतू दोरी असेल तर रॉड फालतू वाटतो, स्वस्त रॉडवर चांगली दोरी असेल तर काम भागतं. डब्यावर डब्ल्यूएफ-३-एफ किंवा डीटी-३-एफ असं काहीतरी लिहिलेलं असतं. शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी. डब्ल्यूएफमध्ये वजन पुढच्या भागात गोळा केलेलं, मागे बारीक दोरी. डीटी दोन्ही टोकांना सारखी निमुळती, मध्ये जाड. रोल कास्टला डीटी छान, आणि कंजूस माणसाला तर फारच छान, कारण एक टोक झिजलं की उलटी करून दुसरं टोक वापरायचं. काही लोक ती सरळ मधून कापून दोन रीलवर भरतात, पंचेचाळीस फूट ह्या ओढ्यांना उरून पुरते. ज्याचा रॉड जरा ताठ निघालाय त्यानं एक नंबर जड दोरी लावून बघावी, ३ च्या रॉडवर ४ ची, जवळच्या कास्टला लगेच फरक कळतो. फक्त एक बघा, हल्ली बऱ्याच कंपन्या डब्यावर ३ लिहून आत अर्धा किंवा अख्खा नंबर जड दोरी देतात, फास्ट रॉडचं कौतुक व्हावं म्हणून. म्हणून नंबरावर जाऊ नका, डब्यावर किंवा साइटवर ग्रेन दिलेले असतात ते वाचा. शंभर ग्रेन म्हणजे खरा ३.

लीडर साडेसात फुटी, टोकाला ५ एक्स. हा एक्स उलटा चालतो, आकडा मोठा तितकं नायलॉन बारीक. ११ मधून आकडा वजा करा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात जाडी, म्हणजे ५ एक्स सहा हजारांश इंच, दीड दशांश मिलिमीटर. फ्लायचा नंबर भागिले तीन केलं की कुठला एक्स लावायचा तो अंदाज येतो, १४-१६ नंबरच्या फ्लायला ५ एक्स. ब्रूक ट्राउट फार चिकित्सक नसतो, त्या थंड पाण्यात खायला कमी, त्यामुळे समोर आलं की तोंड मारतो. पाण्यावर तुम्हाला दिसेल अशी फ्लाय लावा, इथली ठरलेली मिस्टर रॅपिडॅन, पिवळ्या पंखाची, सावलीतसुद्धा नजरेत राहते.

दुकानात रॉड हातात घेऊन हलवून बघतात तसं बघू नका, त्यातून काही कळत नाही, कारण दोरीशिवाय रॉड म्हणजे नुसती काठी. सांगा की रील-दोरी लावून द्या, बाहेर गवतावर जा, टोकाच्या बाहेर दोन रॉडभर म्हणजे पंधराच फूट दोरी ठेवा आणि जोर न लावता कास्ट मारा. दोरी सरळ उलगडली आणि रॉड वाकल्याचं मुठीत जाणवलं तर तो तुमचा. सेल्समन म्हणेल अजून दोरी काढा, मग मजा बघा. काढू नका.

पैशाचं म्हणाल तर दीडशे ते अडीचशे डॉलरमध्ये रॉड-रील-दोरी मिळून बरा सेट येतो. रेडिंग्टनचा क्लासिक ट्राउट साडेसात फुटी ३ नंबर हा मॉडरेट ॲक्शनचा आणि खिशाला झेपणारा. त्याच्या वरचे पैसे दिसण्याचे आणि वजनाच्या थोड्या फरकाचे. ज्याला रीलची कटकटच नको त्यानं जपानी तेनकारा बघावा, दुर्बिणीसारखा उघडणारा लांब रॉड, टोकाला दोरी बांधायची, रील नाहीच. मोकळ्या ओढ्यात मस्त, पण बारा फुटी तेनकारा लॉरेलच्या बोगद्यात घेऊन शिरायचं म्हणजे डोक्याला ताप.

पुण्या-मुंबईहून जे विचारतात त्यांच्यासाठी: महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत ट्राउट नाही, पाणी गरम, ह्या माशाला साधारण वीस अंशांच्या खालचं पाणी लागतं. जायचं तर हिमाचल. कुल्लूत ब्राउन ट्राउट ब्रिटिशांनी १९०९ मध्ये सोडले, तीर्थन खोऱ्यात आणि बरोटला उहल नदीवर आजही मिळतात. पण तिथे डोळे झाकून ३ नंबर नेऊ नका. तीर्थनचं मुख्य पाणी बर्फ वितळल्यावर जोरात असतं, दगड घरासारखे, मोकळी जागा भरपूर, तिथे साडेआठ-नऊ फुटी ५ नंबरच बरा आणि रीलला थोडा ड्रॅगही असावा. आजूबाजूच्या छोट्या नाल्यांत मात्र वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू. लायसन्स मत्स्य विभागाचं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंडी घालायचा काळ म्हणून बंदी असते, तिकिटं काढायच्या आधी एवढं बघा.

शेनॅन्डोआत सोळा आणि त्याहून जास्त वयाच्यांना व्हर्जिनियाचं लायसन्स लागतं, खरं आमिष चालत नाही, एकच हुक असलेली फ्लाय किंवा कृत्रिम लुअर, म्हणजे धातू-प्लॅस्टिकचं खोटं आमिष, चालतं, आणि कुठल्या ओढ्यात मासा सोडूनच द्यायचा त्याची यादी पार्कच्या साइटवर असते. हुकचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाका, हात ओला करून मासा धरा. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वीस अंशांच्या वर गेलं असेल तर रॉड गाडीतच राहू द्या, गरम पाण्यात दमलेला मासा सोडून दिला तरी मरतो. थर्मामीटर दहा डॉलरला मिळतो, तो रीलच्या आधी घ्या.